भूमितीचे तास : व्हिडिओ कापण्याच्या आणि एन्कोडिंगच्या नोंदी

४ मे

कामाचा आवाका आज ठरला. सरांच्या भूमितीच्या तासांची चित्रणं तीन रूपांत हाती आली आहेत. सगळ्यात जुनी मिनीडीव्ही कॅसेटवरची. ती फायरवायर केबलने संगणकात उतरवून झाली आहेत, म्हणजे डीव्ही-एव्हीआय फाइली तयार आहेत. मधल्या काळातली डीव्हीडी रेकॉर्डरने थेट डिस्कवर घेतलेली, म्हणजे डीव्हीडीच्या व्हीओबी फाइली. शेवटच्या वर्षातली विद्यार्थ्यांनी मोबाइलवर घेतलेली एमपी४. प्रत्येकात सुरुवातीची गडबड आहे, मध्येच कोणीतरी दार उघडून काही विचारतं, आणि शेवटी कॅमेरा चालूच राहिल्यामुळे रिकाम्या वर्गाचं लांबलचक चित्रण आहे. हे सगळं काढायचं, एकेक प्रमेय आणि एकेक रचना सुटी करायची, आणि कुठल्याही फोनवर किंवा टीव्हीवर चालेल अशी प्रत बनवायची. सगळं मोफत सॉफ्टवेअरवर, म्हणजे हेच काम पुढे कोणालाही उचलता येईल.

एक नियम आजच लिहून ठेवते. मूळ फाइलला हात लावायचा नाही, आणि मूळ फाइल ते पाहायची प्रत या प्रवासात एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून नव्याने लिहिणं, एकदाच. डीव्ही, एमपेग-२ आणि एच.२६४ ही तिन्ही कॉम्प्रेशनं चित्रातला काही तपशील टाकून देऊनच जागा वाचवतात. पुन्हा एन्कोड केलं की आधीच्या वेळचे दोषही चित्राचाच भाग म्हणून जपले जातात आणि त्यावर नवे चढतात. माणसाचा चेहरा हे बऱ्यापैकी सोसतो. खडूची बारीक रेघ सोसत नाही. त्रिकोण अबक आणि त्रिकोण अ′ब′क′ फळ्यावर वेगळे ओळखता आले नाहीत, तर समरूपतेचा तास पाहून कोणाला काय कळणार?

५ मे

सगळ्या मूळ फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम (फाइलीत जरा जरी बदल झाला तरी बदलणारी खूणसंख्या) काढून एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवले. फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक कायम काढून ठेवलेली. मग एफएफप्रोब या फाइल तपासणाऱ्या साधनाने प्रत्येकीची कुंडली काढली : कोडेक (दाबण्याची पद्धत), फ्रेमचं माप, फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम), फील्डचा क्रम (त्याबद्दल पुढे), आवाजाचा सॅम्पलदर (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं). पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या तक्त्यावरूनच होणार आहेत, म्हणून तो नीट केला.

७ मे

डीव्हीपासून सुरुवात, कारण हे सगळ्यात सरळ. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीत प्रत्येक फ्रेम १,४४,००० बाइटची, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट आणि तासाला जवळजवळ १३ गिगाबाइट. जागा भरपूर खातं, पण त्याच्या बदल्यात एक मोठी सोय मिळते. इथे प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते, शेजारच्या फ्रेमवर अवलंबून नसते. त्यामुळे हव्या त्या फ्रेमवर कापा, पुन्हा एन्कोड करायची गरजच नाही. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या साधनाला फक्त कॉपी करायला सांगायचं.

खात्री म्हणून कापलेल्या तुकड्याचे आणि मूळ फाइलीतल्या त्याच भागाचे फ्रेमएमडी५ (प्रत्येक फ्रेमचा वेगळा चेकसम) काढून ताडून पाहिले. फ्रेमला फ्रेम जुळली.

या फाइली अभिलेखासाठी एफएफव्ही१मध्ये बदलाव्यात का, हेही पाहिलं. एफएफव्ही१ हे चित्रातला एकही बिट न गमावणारं मुक्त कोडेक आहे, आणि २०२१पासून आरएफसी ९०४३ म्हणून त्याचं अधिकृत वर्णनही आहे. पण डीव्ही उलगडलं की सेकंदाला साडेपंधरा मेगाबाइटचं कच्चं चित्र होतं, आणि ते एफएफव्ही१ने दाबलं तरी मूळ डीव्हीपेक्षा मोठंच राहतं. जागा जास्त जाणार आणि नवा तपशील काहीच मिळणार नाही. डीव्ही आहे तसंच ठेवायचं.

८ मे

डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमसोबत चित्रण केल्याची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. कॅसेटवरची चिठ्ठी हरवली तरी ही नोंद टेपमध्येच राहते. डीव्हीरेस्क्यू ही मोफत साधनं यासाठीच आहेत : कुठे वेळ एकदम पुढे उडी मारते, म्हणजे कुठे कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला, आणि कुठे टेपवरून वाचताना फ्रेम खराब आली, हे दोन्ही ती सांगतात. पहिल्या यादीने तासांचा क्रम लागला. वर्तुळाचा दुसरा तास पहिल्याच्या आधी ठेवलेला होता, तो जागेवर आला. दुसऱ्या यादीतल्या कॅसेट कॅमेऱ्याचे हेड साफ करून पुन्हा उतरवायला वेगळ्या काढल्या.

१० मे

दोन कॅसेटवर आवाजाचा सॅम्पलदर मध्येच बदलतो. आधी ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट, पुढे ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. डीव्ही कॅमेऱ्यांत हे दोन्ही पर्याय मेन्यूत असत आणि चित्रण करणारी व्यक्ती बदलली की सेटिंगही बदलत असे. कॉपी करताना अशी फाइल सलग धरली तर पुढच्या भागातला आवाज चुकीच्या गतीने वाजतो. जिथे दर बदलतो त्याच फ्रेमवर फाइल दोन भागांत तोडली आणि ३२वाल्या भागाचा आवाज शेवटच्या एन्कोडमध्ये ४८वर आणायचं ठरवलं. जोडणी त्यानंतरच.

१४ मे

डीव्हीडीच्या फाइली. इथे दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय कात्री लावता येत नाही.

पहिली : डिस्कवर व्हीओबी फाइल १ गिगाबाइटच्या वर जात नाही, म्हणून एकच तास तीन-चार फाइलींत वाटला जातो. तोडण्याची जागा कुठेही येते, अगदी वाक्याच्या मध्यात. त्या एकामागून एक सरळ चिकटवून वाचाव्या लागतात. एफएफएमपेगचा कॉन्कॅट प्रोटोकॉल नेमकं हेच करतो. प्रत्येक व्हीओबी वेगळी उघडून, वेगळी कापून नंतर जोडली तर सांध्यावर आवाजाचा तुकडा गळतो.

दुसरी : एमपेग-२मध्ये सगळ्या फ्रेम पूर्ण नसतात. एक पूर्ण फ्रेम, म्हणजे की-फ्रेम, आणि तिच्यामागे आधी-नंतरच्या फ्रेमशी असलेला फक्त फरक साठवणाऱ्या फ्रेमांचा गट. पाल डीव्हीडीवर हा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमांचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा. पुन्हा एन्कोड न करता कापायचं तर गटाच्या सुरुवातीलाच कापावं लागतं, नाहीतर पुढच्या फ्रेमांना ज्या फ्रेमचा आधार हवा तीच नसते आणि चित्र चौकटी-चौकटींत फुटतं.

तासाच्या सुरुवातीला अर्धा सेकंद जास्त आला तर काही बिघडत नाही. मधला व्यत्यय काढताना मात्र बिघडतं, कारण "म्हणून कोन" एवढं बोलून दार वाजतं आणि उरलेलं वाक्य दार बंद झाल्यावर येतं. तिथे शब्द अर्धा राहतो.

म्हणून दोन प्रती. जतन करायच्या प्रतीत फक्त पुढचा-मागचा भाग काढायचा, तोही की-फ्रेमवर, कॉपी करून. मधले व्यत्यय तसेच ठेवायचे. पाहायच्या प्रतीला नाहीतरी एकदा एन्कोड व्हायचंच आहे, तेव्हा मधले कट त्याच वेळी हव्या त्या फ्रेमवर करायचे.

१५ मे

कापण्याच्या जागा शोधायला लॉसलेसकट हे साधन. टाइमलाइनवर की-फ्रेम दाखवतं, तुकड्यांना नावं देता येतात, आणि मुख्य म्हणजे तुकड्यांची यादी सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्यात) बाहेर काढता येते. तपासणीसाठी अ‍ॅव्हिडेमक्स. त्यात वर-खाली बाणांनी एका की-फ्रेमवरून दुसरीवर जाता येतं, डाव्या-उजव्या बाणांनी एकेक फ्रेम. ए आणि बी खुणा लावून, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही "कॉपी"वर ठेवून सेव्ह केलं की पुन्हा एन्कोडिंग होत नाही.

१८ मे

मोबाइलच्या फाइलींवर कॉपी-कट करून पाहिला. फोन बहुतेकदा सेकंदाला एक की-फ्रेम टाकतात, म्हणजे परिस्थिती डीव्हीडीसारखीच. पण एमपी४मध्ये आणखी एक पदर आहे. एफएफएमपेगला सुरुवातीची वेळ इनपुटच्या आधी दिली की ते त्या वेळेच्या अलीकडच्या की-फ्रेमपासून चित्र उचलतं आणि फाइलीत एक सूचना लिहितं, "पहिला इतका भाग दाखवू नका". तिला एडिट लिस्ट म्हणतात. ती पाळणारा प्लेअर अचूक जागेपासून सुरू करतो. न पाळणारा लपवलेला भागही दाखवतो, आणि आवाज चित्राच्या पुढे निघून जातो. एकच फाइल एका उपकरणावर बरोबर आणि दुसऱ्यावर विस्कटलेली दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण.

उपाय साधा आहे : कटची सुरुवात आपणच की-फ्रेमवर ठेवायची, म्हणजे लपवायला काही उरतच नाही.

२१ मे

टाइमलाइनवाले संपादक वापरावेत का? शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोन्ही उघडून पाहिले. दोन्ही एमएलटी या एकाच पायावर उभे आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. दोन कॅमेरे, शीर्षकं, चित्रावर चित्र असं काही असतं तर त्यांच्याशिवाय पान हललं नसतं. पण त्यातून एक्सपोर्ट केलं की सगळं चित्र पुन्हा एन्कोड होतं, एक सेकंद कापलेला असो वा एक तास. इथे कामाचं स्वरूप कापणं, सुधारणं आणि एकदाच एन्कोड करणं एवढंच आहे, तेही डझनावारी फाइलींवर सारख्याच पद्धतीने. त्यामुळे थेट एफएफएमपेग. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला हा प्रकल्प वरच्या बहुतेक साधनांच्या पोटात आहेच.

२५ मे

इंटरलेस. यावर आज पूर्ण दिवस गेला आणि जायलाच हवा होता.

डीव्ही आणि डीव्हीडी दोन्हींत एका फ्रेममध्ये दोन फील्ड विणलेली असतात. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्हींच्या मध्ये पन्नासावा भाग सेकंदाचं अंतर. जुन्या टीव्हीवर त्या आळीपाळीने उमटायच्या. आजचा पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, त्यामुळे सरांचा हात हलला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात.

सोपा मार्ग म्हणजे एक फील्ड टाकून देणं. ते इथे अजिबात चालणार नाही. फळ्यावरच्या आडव्या रेघा, त्रिकोणाचा पाया, विधानाखालची अधोरेखा, कधी कधी एकाच स्कॅन-ओळीइतक्या बारीक असतात, म्हणजे त्या दोनपैकी एकाच फील्डमध्ये असतात. ते फील्ड टाकलं की रेघ गेली. दोन्ही फील्ड वेगवेगळी ताणून दाखवली तर तीच रेघ सेकंदाला २५ वेळा दिसते-नाहीशी होते, फळा लुकलुकतो.

म्हणून बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर. तो आधीच्या आणि नंतरच्या फील्डशी तुलना करतो. जे स्थिर आहे तिथे दोन्ही फील्डच्या ओळी राखतो, जे हलतंय तिथेच मधल्या ओळी अंदाजाने भरतो. फळा जवळजवळ पूर्ण वेळ स्थिर असतो, कॅमेरा तिवईवर असतो. या साहित्याला तो अगदी चपखल बसला. प्रत्येक फील्डची एक फ्रेम बनवून सेकंदाला ५० फ्रेम ठेवल्या. २५ ठेवल्या असत्या तर खडू कुठून सुरू झाला आणि कोणत्या दिशेला वळला हे जलद लिहिताना तुटक दिसतं, आणि रचना शिकताना हात कसा वळतो हेच तर पाहायचं असतं. दुप्पट फ्रेम म्हणजे दुप्पट फाइल असंही होत नाही, कारण लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी खूपच सारख्या असतात.

फील्डचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, आमच्या डीव्हीडींमध्ये वरचं आधी आहे. क्रम उलटा धरला तर हात पुढे-मागे थरथरत जातो. एफएफप्रोब क्रम सांगतं, तरी प्रत्येक गटातला एक हलता तुकडा डोळ्यांनी पाहिला.

२८ मे

वर्तुळ.

फ्रेमचं माप ७२० गुणिले ५७६, पण चित्र दाखवायचं ४:३मध्ये. ७२०ला ५७६ने भागलं तर १.२५ येतं, १.३३ नाही. कारण हे पिक्सेल चौरस नाहीत, थोडे रुंद आहेत. फाइलीत याची खूण असते. ती एखाद्या टप्प्यावर हरवली की सगळं चित्र आडव्या दिशेने आकसतं. इतर चित्रणांत माणसं जरा सडपातळ दिसतात एवढंच, कोणी लक्षही देत नाही. इथे मात्र वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं आणि काटकोन चौकोनात कर्ण काढला की कोन चुकीचे दिसतात.

खूण टिकवण्यापेक्षा पिक्सेल खरोखरच चौरस करायचं ठरलं, कारण खूण न पाहणारे प्लेअर अजून आहेत. प्रश्न उरला प्रमाणाचा. एफएफएमपेग ७२० रुंदीला ४:३ मानून १६:१५ सांगतं. पण प्रसारणाच्या मानकाप्रमाणे खरं चित्र मधल्या ७०४ पिक्सेलच्या आसपासच असतं आणि दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल जास्तीचे. तसं धरलं तर प्रमाण १२:११. दोन्हींत सव्वादोन टक्क्यांचा फरक.

निकाल फळ्यानेच दिला. सरांनी मोठ्या लाकडी कंपासने वर्तुळ काढलेली आणि कॅमेरा नेमका समोर असलेली चित्रणं निवडली, त्यातून स्थिरचित्रं काढली आणि गिंप या चित्र-संपादकात वर्तुळाची उंची आणि रुंदी मोजली. भागाकार १.०९च्या आसपास आला. १२ भागिले ११ म्हणजे १.०९०९. १६ भागिले १५ म्हणजे १.०६६७. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्याही आहेत, त्यांनीही हेच सांगितलं.

तेव्हा क्रम असा : आधी डी-इंटरलेस, म्हणजे विणलेली फील्ड सोडवणं, मग दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल कापून ७०४, मग ७६८ गुणिले ५७६. कापणी डी-इंटरलेसच्या नंतरच, म्हणजे फील्डच्या ओळींची गल्लत व्हायला जागा राहत नाही. रुंद पडद्याच्या तीन डिस्क आहेत, त्यांच्यासाठी १०२४ गुणिले ५७६.

मोठं करून एचडी बनवायचं का, असा निरोप आला होता. नाही. नसलेला तपशील त्यातून येत नाही, पडदा ते काम स्वतः करतोच. शिवाय एचडीसाठी रंगांचं गणित बदलतं, ६०१ या मानकाऐवजी ७०९, आणि ती खूण चुकली तर फळ्याचा हिरवा बदलतो. आहे त्या मापात ठेवून ६०१ची खूण स्पष्ट लिहिली.

२ जून

आता खरा एन्कोड. एच.२६४ बनवणाऱ्या एक्स२६४ या मोफत एन्कोडरने, सीआरएफ पद्धतीने. सीआरएफ म्हणजे फाइल किती मोठी हे न सांगता दर्जा किती हे सांगणं. ८ बिटमध्ये ० ते ५१, आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, न सांगितल्यास २३. आकडा ६ने उतरला की बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) साधारण दुप्पट होतो.

चाचणीसाठी अख्खा तास कशाला? मुद्दाम सगळ्यात अवघड तुकडे वेचले : डस्टरने पुसल्यावर फळ्यावर उरलेला पांढुरका थर आणि त्यावर नवं लिखाण, भराभर लिहिलेली सिद्धता, आणि ढगाळ दिवसाचा अंधुक फळा. प्रत्येक तुकडा २३, २० आणि १८ला एन्कोड केला.

२३ला चेहरा उत्तम. फळा मात्र बिघडला. पुसलेल्या खडूचा थर सपाट चौकटींत वितळला आणि त्याच्यावरचं अ′मधलं प्राइम चिन्ह रेघेत मिसळलं. याचं कारण एन्कोडरच्या हिशेबात आहे. गडद, कमी उठावाच्या भागातली चूक माणसाच्या डोळ्याला कमी दिसते असं धरून तिथले बिट वाचवले जातात. एरवी ते बरोबर आहे, पण आमचा सगळा मजकूर नेमका तिथेच आहे. एक्यू-मोड ३ लावला, तो गडद भागांना जास्त बिट देतो. फरक लगेच दिसला. ट्यून फिल्म ठेवलं, त्याने कडा मऊ करणारं डीब्लॉकिंग जरा सौम्य होतं. सीआरएफ १८, प्रीसेट स्लो (वेळ जास्त घेऊन नीट दाबणारा). याच्या खाली गेल्यावर फाइल वाढते, वाचता येणारं अक्षर वाढत नाही.

नॉइज कमी करणारे फिल्टर पाहिले. एचक्यूडीएन३डी सौम्य लावला तरी आधीच्या फ्रेमांशी सरासरी घेताना हलत्या हातामागे सावली ओढली जाते. फाइल लहान होते हे खरं. अंधुक डीव्हीडींपैकी काहींना अगदी थोडा दिला, डीव्हीला अजिबात नाही.

ग्राफिक्स कार्डचा एन्कोडर कितीतरी पट जलद आहे, पण त्याच बिटरेटला खडू जास्त पुसट. रात्रभर संगणक चालू ठेवणं परवडतं.

३ जून

एव्ही१ की एच.२६४? एव्ही१ २०१८चं, रॉयल्टीमुक्त, त्याच दर्जाला फाइल बरीच लहान. एच.२६४ २००३चं, पण हाती येईल त्या उपकरणावर चालतं. पाहणाऱ्यांमध्ये जुने फोन वापरणारे पुष्कळ आहेत. एच.२६४, ८ बिट, ४:२:० (रंगांचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या पाव). पाल डीव्ही मुळातच ४:२:० असल्यामुळे रंगांचा तपशीलही इथे आणखी विरळ करावा लागत नाही.

८ जून

आवाज. मला वाटतं या सगळ्या कामात श्रोत्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा भाग हाच. चित्र थोडं मऊ असलं तरी तास समजतो. आवाज नीट नसला तर माणूस पाच मिनिटांत बंद करतो.

बऱ्याच चित्रणांत आवाज फक्त डाव्या चॅनेलवर आहे. तो मोनो करून दोन्हीकडे दिला, हेडफोनवर एकाच कानात ऐकू येणं बंद झालं.

पातळी सारखी करण्यासाठी लाउडनॉर्म फिल्टर. तो ईबीयू आर१२८ या युरोपीय प्रसारकांच्या शिफारशीच्या पद्धतीने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजतो. प्रसारणासाठी तिथलं लक्ष्य उणे २३ लफ्स (या मोठेपणाचं एकक). फोनच्या स्पीकरवर ते फार हळू पडतं, म्हणून उणे १८ धरलं. काम दोन फेऱ्यांत : पहिलीत नुसती मोजणी, दुसरीत ते आकडे देऊन सगळ्या तासाला एकसारखी वाढ.

इथे खडू आडवा आला. सर मुद्दा ठसवताना फळ्यावर खडू आपटतात आणि तो ठोका बोलण्याच्या कितीतरी वर जातो. सरळ वाढ दिली तर ठोका ठरवलेल्या शिखराच्या पलीकडे जाणार हे दिसताच फिल्टर सरळ वाढ सोडून बदलत्या वाढीवर जातो. म्हणजे सर थांबले की तो आवाज चढवतो आणि टेपची सुरसुर फुगून वर येते, बोलू लागले की खाली जाते. ऐकायला फार थकवणारं आहे ते. त्यावर उपाय : आधी एलिमिटर फिल्टरने फक्त ठोक्यांची शिखरं खाली आणायची, मग मोजणी, मग सरळ वाढ. सुरसुर आता कायम एकाच पातळीवर राहते आणि कान तिला विसरतो. बदलत्या वाढीत लाउडनॉर्म सॅम्पलदर १९२ किलोहर्ट्झवर नेतो, म्हणून शेवटी ४८ किलोहर्ट्झ स्पष्ट लिहिण्याची सवय ठेवली.

खडूचा आवाज पूर्ण घालवावा का, अशी सूचना आली. मी ठेवणार आहे. सर लिहीत आहेत की बोलायचे थांबले आहेत हे त्या आवाजावरूनच कळतं, आणि वहीत मान घालून उतरवून घेणाऱ्याला वर कधी पाहायचं तेही.

११ जून

ठोक्यांचा आणखी एक उपयोग. खडू फळ्याला टेकतो ती फ्रेम आणि ठोका सुरू होतो तो क्षण ताडून पाहिला की चित्र आणि आवाज जुळतात का ते नेमकं कळतं. चित्रपटवाले पाटी आपटतात त्याचं काम इथे आयतंच झालेलं आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला जाणवू लागतं असं दिलं आहे. आमच्या २५ फ्रेमच्या मूळ फाइलींत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, डीव्हीडीच्या एसी-३ आवाजाचा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा. म्हणजे एका ठिकाणी कॉपी-कट केल्याने पडणारा फरक चालून जातो, पण तेच तुकडे कॉपीने पुनःपुन्हा जोडत गेलं तर फरक साचू शकतो. मधले कट एन्कोडच्या वेळीच करण्याचं हेही कारण.

प्रत्येक तासाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा ठोका तपासायचा असं ठरवलं. फरक तिन्हीकडे सारखा असेल तर आवाज तेवढा सरकवून काम होतं. वाढत जात असेल तर दोष दुसरीकडे आहे.

१४ जून

मोबाइलच्या फाइलींत फ्रेमदर स्थिर नाही. प्रकाश कमी झाला की फोन फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि दर उतरतो. एफएफप्रोबच्या दोन आकड्यांत, नाममात्र दर आणि सरासरी दर यांत, फरक दिसला की हे ओळखावं. स्थिर दर गृहीत धरणाऱ्या साधनात अशी फाइल घातली की आवाज हळूहळू मागे-पुढे जातो.

या फाइली आधीच एच.२६४ आहेत, प्रोग्रेसिव्ह (विणलेली फील्ड नसलेल्या) आहेत, दर्जा ठीक आहे. पुन्हा एन्कोड करायचं कारणच नाही. की-फ्रेमवर कॉपी-कट, फ्रेमांच्या वेळा जशाच्या तशा, फक्त आवाज नव्याने एएसी कोडेकमध्ये. आडव्या-उभ्याची खूणही कॉपीत टिकते का ते पाहिलं, टिकते. ज्या दोन-तीन फाइलींत मधून काढणं भागच आहे तिथे स्थिर ३० फ्रेमवर आणून एन्कोड.

१९ जून

लॉसलेसकटच्या सीएसव्ही वाचून एफएफएमपेग चालवणारी छोटी शेल स्क्रिप्ट. सुरुवात, शेवट, नाव. स्रोताचा प्रकार पाहून डी-इंटरलेस आणि माप ती स्वतः ठरवते. फाइलींची नावं देवनागरीत ठेवली, "पायथागोरसचा व्यत्यास" असं सरळ. स्क्रिप्टमध्ये नावांना अवतरणं लावली आणि स्पेसऐवजी अधोरेखा ठेवली, म्हणजे झालं.

पाहायच्या प्रतींना फास्टस्टार्ट. एमपी४ची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह अ‍ॅटम, एरवी फाइलीच्या शेवटी लिहिला जातो. तो पुढे आणला की पूर्ण उतरण्याआधीच फाइल चालू होते.

२३ जून

प्रकरणं घातली : विधान, पक्ष, साध्य, आकृती, सिद्धता. एफएफमेटाडेटाच्या साध्या मजकूर-फाइलीत मिलिसेकंदांत वेळा लिहायच्या आणि कॉपी करताना जोडायच्या. यासाठी पुन्हा एन्कोड लागत नाही, त्यामुळे वेळा नंतर दुरुस्त करता येतात. वेळा काढायला वर्गमैत्रीण बसली आहे. तिचं भूमितीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम. "साध्य कुठे संपतं आणि सिद्धता कुठे सुरू होते हे सर आवाज बदलून सांगतात, ऐक," म्हणाली. ऐकलं, खरंच आहे.

३० जून

तपासणी. प्रत्येक तयार फाइल एफएफएमपेगकडून पूर्ण उलगडून घेतली, कुठेही न लिहिता, फक्त त्रुटी दाखवायला सांगून. एक जोडणी अडली : ३२ आणि ४८ किलोहर्ट्झवाले भाग. कॉपीने फाइली जोडणाऱ्या कॉन्कॅट डीमक्सरला दोन्हींचा कोडेक, माप, सॅम्पलदर, टाइमबेस (वेळ मोजायचं एकक) सगळं सारखं लागतं. दोन्ही भाग एकाच आज्ञेत फिल्टरने जोडून एकदम एन्कोड केले, प्रश्न मिटला.

मूळ फाइलींचे चेकसम पुन्हा काढले. ५ मेच्या यादीशी सगळे जुळले.

६ जुलै

हेड साफ करून पुन्हा उतरवलेल्या कॅसेटपैकी एकीत खराब फ्रेम जवळजवळ नाहीशा झाल्या. दुसरीत त्या वेगळ्याच ठिकाणी आल्या आणि ही उलट आनंदाची गोष्ट आहे. दोष टेपमध्ये नसून वाचनात आहे, म्हणजे दोन्ही वेळच्या फाइलींतून चांगल्या फ्रेम निवडून एक पूर्ण फाइल बांधता येईल. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळेच हे शक्य आहे, आणि डीव्हीरेस्क्यूमध्ये याची सोयही आहे.

या कॅसेटवर स्पर्शिकेच्या रचनेचा तास आहे आणि त्याची दुसरी प्रत कोणाकडेच नाही. तिसऱ्यांदा उतरवून घेते. तिन्ही वाचनं एकत्र केल्यावर काही फ्रेम उरल्याच, तर त्या आहेत तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या वेळा सोबतच्या मजकूर-फाइलीत लिहायच्या.